गावानं निवडलेल्या बाया : जामखेडच्या दवाखान्याची हकीकत

१९७१ साली जामखेडच्या आसपासच्या काही खेड्यांत घरोघर फिरून जन्ममृत्यूची मोजदाद झाली. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आतच दगावत होती. म्हणजे पाच-सहा घरी पाळणा हलला, तर त्यातला एक वर्षाच्या आत रिकामा व्हायचा. १९७६ साली याच भागात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा हा आकडा ५२ वर आला होता.

मधल्या वर्षांत काय घडलं, हे महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेली घरंच्या घरं, रेशनवरची लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी आणि गुरांचे रिकामे गोठे. नगर, बीड, सोलापूर या पट्ट्याला त्याची मोठी झळ बसली. अशा काळात बालमृत्यू वाढायला हवे होते. जामखेड भागात ते एक तृतीयांशाहून खाली आले.

या पाच वर्षांत कुठलं जादूचं औषध निघालं नव्हतं. हगवणीला काय द्यायचं, धनुर्वात कसा टाळायचा, गोवरानंतर मुलाला काय खाऊ घालायचं, हे सगळं डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. ते गावातल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचत नव्हतं, एवढंच. ते तिथवर कुणी आणि कसं पोचवलं, हीच जामखेडच्या दवाखान्याची हकीकत आहे.

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा कडेचा तालुका. पलीकडे बीड आणि धाराशिव. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि हंगाम आला की ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसं. इतिहासाच्या पुस्तकात हा तालुका दोनदा भेटतो. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ते खर्डा इथलंच, आणि अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडीही इथलंच. एवढा मोठा वारसा असलेल्या या तालुक्यात १९७० साली अडलेल्या बाईला चांगला उपचार हवा असेल, तर मिळेल त्या वाहनानं कित्येक कोस दूर नगर गाठावं लागे. कित्येक बायकांचा प्रवास वाटेतच संपायचा.

इथं त्या वर्षी एक डॉक्टर जोडपं आलं. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, शिक्षक आईवडिलांचा मुलगा. मेबल इमॅन्युएल जबलपूरला वाढलेल्या. त्यांचे वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली. १९६० मध्ये लग्न झालं, आणि आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं हे दोघांनी तेव्हाच एकमेकांना सांगून टाकलं होतं. वेल्लोरहून निघालेल्या डॉक्टरांसाठी मोठ्या शहरांची दारं उघडी होती. ही दोघं मात्र नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात दाखल झाली.

वडाळ्यात काम भरपूर होतं. शस्त्रक्रिया, बाळंतपणं, दाराशी रांगा. कुठलाही तरुण डॉक्टर एवढ्यावर समाधान मानून राहिला असता. पण काही वर्षांतच दोघांच्या लक्षात एक गोष्ट आली. हगवणीनं सुकलेलं मूल सलाइन लावून बरं करून घरी पाठवावं, तर काही आठवड्यांनी तेच मूल त्याच दुखण्यानं परत यायचं. घरी पाणी तेच, उपासमार तीच, समजुती त्याच. येणारी बहुतेक दुखणी मुळात होऊच नयेत अशी होती. दवाखाना चोवीस तास उघडा ठेवला तरी पंचक्रोशीचं आरोग्य होतं तिथंच होतं. शिवाय जे सगळ्यात गरीब, ते दवाखान्याच्या पायरीपर्यंत येतच नव्हते.

हा प्रश्न घेऊन दोघं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. तिथं आधी रुग्णालयांत पुढचं शिक्षण घेतलं आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं. तिथं त्यांना कार्ल टेलर भेटले. टेलर मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले आणि हिमालयाच्या पायथ्याशी वाढलेले. पंजाबातल्या नारंगवालला त्यांनी खेड्यातल्या आरोग्यावर मोठं संशोधन उभं केलं होतं. जामखेडचा आराखडा आरोळ्यांनी हॉपकिन्समध्ये शिकतानाच तयार केला. पुढं दीड दशकानं याच टेलरांकडे महाराष्ट्रातलं आणखी एक डॉक्टर जोडपं शिकायला गेलं, अभय आणि राणी बंग. त्यांची हकीकत पुढं येईलच.

परत आल्यावर जागा शोधताना आरोळ्यांची अट एकच होती. जिथले लोक स्वतः बोलावतील आणि काही भार उचलतील तिथंच जायचं. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं, आणि गावाकडे देण्यासारखी जी जागा होती ती दिली. ती होती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची वापरात नसलेली इमारत. १९७० साली काम सुरू झालं ते तिथं. पुढं संस्थेला नाव मिळालं ‘सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प’, पण जामखेडच्या माणसाच्या तोंडी आरोळे डॉक्टरांचा दवाखाना हेच राहिलं.

इथं कुणी विचारेल, दुखणी गावातच रोखायची होती तर दवाखाना कशाला काढला? उत्तर सरळ आहे. पोरगं तापानं फणफणलेलं असताना त्याच्या आईला शोषखड्ड्याचं महत्त्व सांगून चालत नाही. आधी ताप उतरवावा लागतो. अडलेली बाई सोडवली, सर्पदंशाचा माणूस वाचवला, की मग त्या घरात डॉक्टरच्या शब्दाला वजन येतं. आरोळ्यांना दवाखाना हवा होता तो या विश्वासासाठी. दुसरं कारण पैशाचं. ऐपत असलेल्यांकडून फी घ्यायची आणि त्यातून गावातल्या कामाचा खर्च भागवायचा, अशी घडी त्यांनी पहिल्यापासून बसवली.

दवाखाना साधा ठेवला होता आणि तो हट्टानं साधा ठेवला होता. नातेवाईक पेशंटजवळ राहत, स्वयंपाक करत. गरजेपुरत्याच तपासण्या, गरजेपुरतीच औषधं. जे काम नर्स करू शकते त्यासाठी डॉक्टरची वेळ घालवायची नाही, आणि जे काम शिकवून कुणालाही येईल ते नर्सवर टाकायचं नाही. गावोगाव जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा बायकामुलांना जमवून आरोग्याची माहिती सांगायचा.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीत तर या दवाखान्यानं त्या काळातली रीतच मोडली. कुष्ठरोगी म्हणजे गावाबाहेर, आणि उपचारही गावाबाहेरच्या वेगळ्या वसाहतीत, असं सगळीकडे चाले. जामखेडला त्यांच्यासाठी वेगळी रांग नव्हती, वेगळा वार नव्हता. बाकीच्या पेशंटबरोबर तेही तपासले जात. ज्याला शेजारी पाणी देत नव्हते असा माणूस सरकार-दरबारी ओळख असलेल्या पाटलाच्या बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट बघतोय, हे दृश्य बाकीच्या पेशंटांना जेवढं शिकवत असेल, तेवढं कुठलंही भाषण शिकवू शकलं नसतं.

सुरुवातीचा बेत मात्र फसला. प्रत्येक गावात एक शिकलेली नर्स राहील आणि तीच तिथलं आरोग्य बघेल, असं ठरलं होतं. कागदावर यात काही चूक नव्हती. सरकारची यंत्रणाही तेव्हा अशाच नर्सांच्या भरवशावर चाले. प्रत्यक्षात विशी-पंचविशीची, बाहेरगावची, एकटी मुलगी त्या गावात राहणार कुठं आणि कशाच्या भरवशावर? रात्री-अपरात्री हाक आली तर तिनं जायचं कसं? आणि लग्नही न झालेल्या त्या पोरीनं चार बाळंतपणं झालेल्या बाईला पाळणा लांबवण्याबद्दल सांगितलं, तर ती बाई ऐकणार का? नर्सा गावात टिकेनात, आणि टिकल्या तिथं गाव त्यांचं ऐकेना.

मार्ग निघाला तो गावकऱ्यांशी बोलण्यातून. नर्स राहत नसेल, तर आमच्याच गावातली एखादी बाई का शिकवत नाही? प्रश्न साधा होता, पण डॉक्टरी शिक्षणाच्या मुळावर घाव घालणारा होता. त्या गावांतल्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या हाती बाळंतपण, औषध, रक्तदाब मोजणं द्यायचं? आरोळ्यांनी द्यायचं ठरवलं. निवड गावानं करायची होती. बाई शक्यतो पोक्त असावी, पोरंबाळं जरा मोठी झालेली, लोकांत मिसळणारी आणि शिकायची इच्छा असलेली. गावांनी ज्या बायका पाठवल्या त्यांत अनेक दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. काही ठिकाणी गावाला या कामाचं मोल नव्हतं म्हणूनही असं झालं असेल. पण पदरात काहीच नसलेल्या बाईनं हे काम जेवढं जीव लावून केलं, तेवढं सुखवस्तू घरातल्या बाईनं केलं असतं का, याची शंका वाटते.

शिक्षण सुरू झालं ते शरीरशास्त्रानं नाही. नाव विचारलं की बाई नवऱ्याचं नाव सांगायची, अमक्याची बायको, तमक्याची आई. स्वतःचं नाव चारचौघींत मोठ्यानं उच्चारायचं, हा पहिला धडा. जातीचा धडा त्याच्याच जोडीला. या बायका आठवड्यातून एकदा मुक्कामाला जामखेडला येत. स्वयंपाक एकत्र, जेवण एका पंगतीत, आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली शेजारी शेजारी झोप. आपल्या गावात जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्याशेजारी मराठा किंवा माळ्याच्या घरची बाई झोपायची. हे पहिल्या आठवड्यात सुखानं झालं नसणार. पण दर आठवड्याला झालं, वर्षानुवर्षं झालं.

दर आठवड्याला हे महत्त्वाचं. एकदा पंधरा दिवसांचं शिबिर घेतलं, प्रमाणपत्र दिलं आणि सोडून दिलं, असं इथं झालं नाही. बाईनं आठवडाभर गावात काम करायचं, अडलेलं घेऊन यायचं. कुणाचं मूल औषध देऊनही सुधारलं नाही, कुठल्या सासूनं बाळंतिणीला भेटू दिलं नाही, सगळं मांडायचं. डॉक्टर उत्तर देत, आणि अनेकदा दुसऱ्या गावची बाई त्याहून चांगलं उत्तर देई. लिहिता येत नसल्यानं चित्रं आणि गाणी हीच वही. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांना लसीकरणाचं गाणं रचायला अवघड गेलं नाही. ज्ञान पाठ झालं आणि दुसऱ्याला सांगण्याच्या रूपातच पाठ झालं.

बाळंतपणाचंच उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. खेड्यातलं बाळंतपण म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी खोली, दारं-खिडक्या बंद. पोटुशी बाई कमी खाते कारण मूल मोठं झालं तर अडेल अशी समजूत. नाळ कापायला घरात जे हत्यार सापडेल ते, विळा असो की जुनं पातं. आणि कापलेल्या जागी राख नाहीतर शेण. आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, अंग ताठ व्हायचं. घरातले म्हणायचे, बाहेरची बाधा झाली. तो असायचा धनुर्वात.

जामखेडहून शिकून आलेल्या बाईच्या पिशवीत साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा आणि स्वच्छ कापड असे. तिचं काम बाळंतपणाच्या कितीतरी आधी सुरू व्हायचं. पोटुशी बाईला धनुर्वाताची लस मिळाली का, पाय सुजलेत का, रक्तदाब किती, आधीचं मूल जन्मतःच गेलं होतं का. यातलं काही खटकलं, तर ही बाई घरी बाळंत होणार नाही, तिला जामखेडला न्यायचं, हे ती आधीच ठरवून टाकी आणि सासूच्या गळी उतरवी. बाळंतपणात हात कोपरापर्यंत धुवायचे, नाळ दोन ठिकाणी बांधून मध्ये कापायची, वर काहीही लावायचं नाही. बाळ पुसून, गुंडाळून लगेच आईच्या अंगाशी. पहिलं पिवळं दूध काढून टाकायचं नाही, ते पाजायचं. आणि शेणाचा गोळा घेऊन उभ्या असलेल्या आजीला न दुखावता बाजूला करायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड. ते कुठल्याही डॉक्टरपेक्षा त्याच गल्लीत राहणाऱ्या बाईला जास्त जमायचं, कारण त्या आजीचा स्वभाव तिला लग्न होऊन आल्यापासून माहीत होता.

हगवणीचंही तसंच. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सलाइनच्या बाटलीइतकंच काम बहुतेक वेळा या पाण्यानं होतं. पण हगवण लागलेल्या पोराचं पाणी आणि दूध तोडायचं, हा घराघरातला शहाणपणा होता. तो उलटवायला गावात रोज दिसणारी, रोज विचारणारी बाई हवी होती.

याचे परिणाम आकड्यांत दिसले. गरोदरपणी तपासणी झालेली बाई १९७१ मध्ये शंभरात एकही नव्हती; १९७६ मध्ये अशा बायका ८० टक्के झाल्या. पाच वर्षांच्या आतली ४० टक्के मुलं १९७१ मध्ये कुपोषित होती. १९८६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. सुरुवातीला आठ गावं होती, काही वर्षांत तीस झाली, पुढं आणखी वाढली.

सगळं श्रेय पिशवीतल्या ब्लेडला आणि साखर-मिठाला देता येत नाही. दुष्काळात पोट आणि पाणी हेच औषध होतं. लहान मुलांसाठी गावोगाव शिजवलेलं अन्न देण्याची सोय झाली; त्यासाठी जमीन, धान्य, जळण आणि हात गावानं दिले. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेतल्या, हातपंप बसले. इथं आरोळ्यांनी एक धोरणी पाऊल टाकलं. अनेक गावांत त्यांनी हातपंपाची जागा दलित वस्तीत धरली. तोवर दलितांनी गावच्या विहिरीवर जायचं नाही, कुणी वरून ओतेल तेव्हा घ्यायचं, अशी पद्धत. आता चांगलं पाणी दलित वस्तीत होतं. ज्याला हवं त्यानं तिथं जायचं. दुष्काळात लोक गेले.

पुरुषांना जोडण्याची वाट आणखी वेगळी. संध्याकाळी व्हॉलीबॉलचा खेळ सुरू झाला. खेळायला जमलेली पोरं पुढं शेतकरी मंडळात बसू लागली, आणि तिथं बांधबंदिस्ती, झाडं, विहिरी, बियाणं, जनावरं यांच्याबरोबर मुलांच्या लसीही चर्चेला येऊ लागल्या. बायकांची महिला मंडळं त्यांच्या मागोमाग उभी राहिली. जामखेडला शिकलेल्या या आरोग्यसेविकांना शेळ्या, बांगड्यांचा धंदा, छोटं दुकान यांसाठी लहान कर्जं मिळाली. आरोग्याच्या कामाचा पगार नव्हता, तेव्हा पोटाची सोय अशी केली. ही व्यवस्था न्याय्य होती का, यावर वाद होऊ शकतो. बायकांचं काम हे सेवाभावाचं म्हणून फुकट किंवा नाममात्र पैशात करून घेण्याची सवय आपल्या समाजाला जुनी आहे, आणि जामखेडलाही हा प्रश्न विचारायलाच हवा. मात्र जामखेडनं त्या बाईला कमाईचं साधन, गावात मान आणि बोलण्याची हिंमत दिली, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

ही हिंमत किती, याचं उदाहरण मुक्ताबाई पोळ. जामखेडच्या या आरोग्यसेविकेनं १९८८ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भाषण केलं. समोर देशोदेशींचे डॉक्टर आणि अधिकारी होते. पुढं २००८ साली नॅशनल जिओग्राफिक मासिकानं जामखेडच्या आरोग्यसेविकांवर मोठा लेख छापला. त्यात जवळक्याच्या सरूबाई साळवे यांचं काम जगभरच्या वाचकांपुढं आलं.

जगाचं लक्ष त्याआधीच गेलं होतं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातून चाललेल्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढलं, त्यात जगभरातल्या मोजक्या उदाहरणांत जामखेड होतं. १९७८ साली सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथं प्राथमिक आरोग्यसेवेची जागतिक परिषद भरली आणि ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. त्या विचाराला आधार देणाऱ्या कामांत जामखेडचं नाव नेहमी घेतलं जातं. १९७९ साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० साली रजनीकांत आरोळ्यांना पद्मभूषण मिळाला. देशोदेशींची मंडळी शिकायला येऊ लागली, आणि त्यांना शिकवायला उभ्या राहणाऱ्यांत शाळेचं तोंड न पाहिलेल्या आरोग्यसेविका होत्या.

आपल्या सरकारनं काय उचललं? २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारनं गावागावात आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. कल्पना याच धर्तीची होती, पण नेमले गेले बहुतेक पुरुष, आणि निवडीत पुढाऱ्यांचे हात शिरले. शिकवणं एकदाच, मग वाऱ्यावर. काही वर्षांत ती योजना विरून गेली, आणि खेड्यातला माणूस शिकवून उपयोग नसतो असा उलटाच निष्कर्ष अनेकांनी काढला.

तो निष्कर्ष खोटा ठरवण्याचं शास्त्रीय काम गडचिरोलीत झालं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देण्यापर्यंत. ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला, तेव्हा जामखेडला तीन दशकांपूर्वी धरलेली दिशा योग्य होती यावर जणू शिक्कामोर्तब झालं.

मग २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ‘आशा’ आल्या. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावची बाई. आज देशभरात त्या दहा लाखांच्या घरात आहेत, आणि कोविडच्या काळात घरोघर गेल्या त्या याच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. आशा योजनेच्या मुळाशी जामखेडसारखे प्रयोग आहेत, हे मान्य करूनही एक फरक नजरेआड करता येत नाही. आशा होण्यासाठी किमान शिक्षणाची अट आहे. ती लावली असती तर जामखेडच्या पहिल्या फळीतली जवळजवळ एकही बाई निवडली गेली नसती. आशांना मोबदला मिळतो तो बराचसा कामागणिक, इतक्या बाळंतपणांचे इतके, इतक्या लसींचे इतके. वरून येणाऱ्या नोंदी, ॲप, सर्वेक्षणं यांत त्यांचा दिवस जातो. मानधनासाठी त्यांना महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं आहे. जामखेडचा सांगाडा सरकारनं घेतला. दर आठवड्याला बसून बोलणं, बाईच्या अनुभवाला ज्ञान मानणं, तिच्या प्रश्नाला डॉक्टरनं उत्तर देणं, हे राहून गेलं. आणि या कामाचा जीव त्यातच होता.

जामखेडच्या दवाखान्यानं स्वतःचंही रूप बदललं. जुन्या इमारतीतून निघून तो आपल्या वास्तूत गेला, चाळीसेक खाटांचा झाला, नंतर नवी इमारत उभी राहिली. गावातल्याच कारागिरांना शिकवून जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळा सुरू झाली. सरकारनं दवाखान्यातल्या बाळंतपणाला प्रोत्साहन देणारी जननी सुरक्षा योजना आणली, तेव्हापासून घरची बाळंतपणं कमी झाली, आणि आरोग्यसेविकांचं ते काम हळूहळू कमी होत गेलं. दुखणीही बदलली. हगवण आणि धनुर्वाताच्या जागी मधुमेह, रक्तदाब, मनाचे आजार आले. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. कामाची धुरा मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांच्याकडे आली.

जामखेड सगळीकडे का उभं राहिलं नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आरोळ्यांसारखी माणसं सगळीकडे नसतात, हे ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. तीस गावांत शंभरावर जीव जिथं दर वर्षी वाचू लागले, तिथं ते रोजच्या रोज कुणी वाचवले? दोन डॉक्टरांनी नाही. ते वाचवले शाळेत न गेलेल्या साध्या बायकांनी, आणि अशा बायका महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात होत्या आणि आहेत. दुर्मीळ होती ती त्यांच्यावर भरवसा टाकण्याची आणि त्यांना शिकवत राहण्याची चिकाटी.

तुमच्या गावात किंवा वाडीवर आशाताई असेलच. ती पुढच्या वेळी दारात येईल तेव्हा तिला दोन मिनिटं बसवा आणि विचारा, शेवटचं प्रशिक्षण कधी झालं, अडलं तर कुठला डॉक्टर तिचा फोन उचलतो, आणि गेल्या महिन्याचं मानधन मिळालं का. उत्तरं समाधानाची नसतील, तर येत्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न तिच्या वतीनं तुम्ही विचारा.